जुनी सेडान : सांगितलेला भाव आणि पडलेला भाव

दसऱ्याच्या किंवा गुढीपाडव्याच्या सकाळी नव्या मोटारींच्या दालनांबाहेर हार-नारळ घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे उभी असतात. जुन्या मोटारींच्या बाजाराला असा थाट नाही. तेथील मुहूर्त उलटे असतात. पितृपक्षात गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून विक्रेता थोडा नरमतो आणि डिसेंबरच्या अखेरीस, गाडीच्या वयात कागदोपत्री आणखी एक वर्ष जमा होण्याआधी, ती खपवण्याची त्याला घाई असते. ज्याला हे ठाऊक आहे तो त्याच गाडीचे चार पैसे कमी मोजतो. ज्याला ठाऊक नाही तो जाहिरातीतील आकड्यावरून घासाघीस सुरू करतो आणि वीस-पंचवीस हजार रुपये उतरवल्याच्या समाधानात घरी येतो. त्या गाडीने आपल्याला प्रत्यक्षात कितीला पाडले, हे त्याला पहिल्या पावसाळ्यानंतर कळते.

आईवडील, दोन मुले आणि अधूनमधून आजी-आजोबा असे कुटुंब, महिन्यातून एखादी गावाकडची फेरी आणि गणपतीत कोकणात जाताना भरणारी डिकी, हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला तर सेडान आजही सोयीची गाडी आहे. मात्र गेल्या दहा वर्षांत ग्राहकांचा ओढा उंच, एसयूव्ही थाटाच्या गाड्यांकडे वळला आणि एकेक सेडान बाजारातून निघून गेली. टोयोटाची इटिऑस २०२० मध्ये आणि यारिस २०२१ मध्ये थांबली. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादनच बंद करण्याची घोषणा केली, त्याबरोबर अॅस्पायरही गेली. फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड यांची जागा २०२२ मध्ये व्हर्टस आणि स्लाव्हिया यांनी घेतली. मारुतीची सियाझ २०२५ मध्ये बंद झाली. जुनी गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने ही वाईट बातमी नव्हे. मागणी घटली की भाव उतरतो. एकाच वयाची आणि जवळपास सारख्याच मूळ किमतीची छोटी एसयूव्ही आणि सेडान शेजारी उभ्या असल्या तर सेडान बहुधा स्वस्त मिळते, आणि ती चालवणाऱ्याने अनेकदा सांभाळून चालवलेली असते. डिझायर याला अपवाद. तिला टॅक्सीवाल्यांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत सगळेच विचारतात, त्यामुळे तिचा भाव सहजी पडत नाही.

भाव कोठून मोजायचा?

विक्रेता आपल्या खरेदीच्या आकड्यापासून सुरुवात करतो. 'गाडी रस्त्यावर आली तेव्हा साडेनऊ लाख पडले होते' हे त्याचे पहिले वाक्य असते. या वाक्याचा आजच्या भावाशी फारसा संबंध नाही. त्या साडेनऊ लाखांत कर होता, विम्याचा पहिला हप्ता होता, कदाचित दालनातून गळ्यात मारलेले सीट-कव्हर आणि रबरी मॅटही होते. ग्राहकाने मोजणी सुरू करायची ती तीच गाडी, किंवा तिच्या तोडीची गाडी, आज नवी केवढ्याला मिळते तेथून.

हा फरक २०२५ नंतर फार मोठा झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी, उपकर धरून, २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. डिझायर, अमेझ, टिगोर, ऑरा या पेट्रोल गाड्या याच गटातल्या. करापूर्वीची किंमत ६,२०,००० रुपये धरली तर जुन्या दराने ती शोरूममध्ये ७,९९,८०० रुपयांना पडत होती. नव्या दराने ७,३१,६०० रुपयांना पडते. म्हणजे गाडीला एकही ओरखडा न उठता, केवळ कर उतरल्याने ६८,२०० रुपये वजा झाले. २०२३-२४ मध्ये गाडी घेतलेल्या विक्रेत्याला हे मान्य करणे जड जाते, आणि त्याचे वाईट वाटणे समजण्यासारखे आहे. पण त्याच्या तोट्याची भरपाई खरेदीदाराने करावी असे काही नाही. सिटी, व्हर्ना, व्हर्टस, स्लाव्हिया अशा चार मीटरहून लांब गाड्यांवरील एकूण कर ४५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला, त्यामुळे तेथे फरक पडला तो तुलनेने कमी.

आजची नवी किंमत कळली की वयाची वजावट. यासाठी विमा व्यवसायातील घसाऱ्याचे कोष्टक हाताशी असावे. सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, वर्षापर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस आणि पाच वर्षांपर्यंत पन्नास टक्के. पाच वर्षांनंतरचे मूल्य विमा कंपनी आणि ग्राहक यांनी आपसांत ठरवायचे असते. या हिशेबाने येणाऱ्या आकड्याला आयडीव्ही म्हणतात आणि तो विक्रेत्याच्या चालू विमापत्रावर छापलेलाच असतो. हा बाजारभाव नव्हे. डिझायर आणि सिटी बहुधा त्याच्या वर जातात, तर उत्पादन बंद पडलेल्या किंवा सुट्या भागांसाठी वणवण करावी लागणाऱ्या गाड्या त्याच्या खाली येतात. परंतु विक्रेता सांगतो तो भाव हवेतला आहे की जमिनीवरचा, हे या आकड्यावरून चटकन उमगते. घसारा शोरूम किमतीवर मोजला जातो, रस्त्यावर आलेल्या किमतीवर नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

एक गोष्ट मात्र विक्रेत्याच्या बाजूची आहे. महाराष्ट्रात खासगी मोटारीचा रस्ता-कर एकरकमी भरलेला असतो. राज्यातल्या राज्यात दोन व्यक्तींमध्ये गाडी हस्तांतरित झाली की तो पुन्हा भरावा लागत नाही. उरलेल्या वर्षांच्या कराचा हा लाभ खरेदीदाराकडे येतो. म्हणूनच दिल्ली किंवा अन्य राज्यातून आलेली 'लाखभर स्वस्त' गाडी बारकाईने तपासावी. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने आणि पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध आणले. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यात काही दिलासा दिला असला तरी तेथील वयस्कर गाड्या अन्य राज्यांत उतरण्याचा प्रवाह जुनाच आहे. अशा गाडीला मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, महाराष्ट्रात नव्याने नोंदणी लागते आणि वयानुसार येथला कर भरावा लागतो. पहिल्या राज्यातील कराचा परतावा मिळवण्याची यातायात वेगळी. लाखभराची स्वस्ताई या वाटेवर बरीचशी झिजून जाते.

फिरवलेला काटा

किलोमीटरचा आकडा हा या बाजारातला सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत कमी भरवशाचा आकडा. काट्याचे मीटर जाऊन डिजिटल मीटर आले तेव्हा आता फसवणूक थांबेल असे वाटले होते. प्रत्यक्षात ती सोपी झाली. लॅपटॉप आणि एक केबल जवळ असलेला माणूस थोड्या वेळात एक लाख वीस हजारांचे साठ हजार करून देतो. त्यामुळे आकडा वाचण्याऐवजी गाडी वाचावी लागते.

ब्रेक आणि क्लचच्या पायपट्ट्यांवरील रबर गुळगुळीत झाले असेल, स्टिअरिंगचे कातडे वरच्या अंगाला चकाकत असेल, चालकाच्या आसनाची दाराकडची कड बसली असेल आणि मीटर पस्तीस हजार दाखवत असेल, तर चौघांपैकी कोण खोटे बोलते हे उघड आहे. टायरच्या बाजूवर चार अंकी क्रमांक असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१९ ची गाडी तीस हजार किलोमीटर चालली असे सांगितले जाते आणि चारही टायर २०२२ चे आहेत, तर पहिले टायर इतक्या लवकर का बदलावे लागले, हा प्रश्न विचारायचा. सर्वांत खात्रीचा मार्ग अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदींचा. प्रत्येक फेरीला तेथे तारखेसह किलोमीटर लिहिलेले असतात. विक्रेत्याने सेंटरला फोन करून या नोंदी मागवून दिल्या तर उत्तम. टाळाटाळ केली तर तेही एक उत्तरच. मात्र वॉरंटी संपल्यावर नेहमीच्या मिस्त्रीकडे गाडी नेणारे प्रामाणिक मालकही पुष्कळ आहेत, त्यांच्याकडील पावत्या पाहाव्यात.

कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी, ही समजूतही तपासून घेण्यासारखी आहे. सहा वर्षांत अठरा हजार किलोमीटर झालेली, सोसायटीच्या तळघरात उभी असलेली गाडी बॅटरी, टायर आणि रबरी नळ्यांच्या बाबतीत म्हातारी झालेली असते. पुणे-सातारा किंवा मुंबई-नाशिक अशा लांब पल्ल्याने सत्तर हजार किलोमीटर झालेल्या गाडीचा क्लच अनेकदा घोडबंदर रोडच्या कोंडीत तीस हजार किलोमीटर घासलेल्या गाडीपेक्षा ठणठणीत असतो.

डिझायर, अमेझ, इटिऑस या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक शंका फेडून घ्यावी. टॅक्सी म्हणून राबलेली गाडी रीतसर खासगी नोंदणीत बदलता येते आणि पिवळी पाटी पांढरी झाली की ती घरगुती गाडीसारखी दिसू लागते. त्यात बेकायदा काही नाही, फक्त भाव टॅक्सीचा द्यायला हवा. मागच्या आसनाचा झिजलेला कपडा, मागच्या दारांची सैल झालेली हँडल आणि आरसीवरील नोंदीचा इतिहास यांवरून ती ओळखू येते. घरगुती गाडीत मागचे आसन पुढच्यापेक्षा कधीच जास्त झिजत नाही.

पाण्यातून आलेली गाडी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई-ठाण्यातील असंख्य मोटारी छपरापर्यंत बुडाल्या. त्यानंतर अशा प्रसंगांना खंड पडलेला नाही. २०१५ मध्ये चेन्नई, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ मध्ये चिपळूण. पुरात बुडालेली गाडी विमा कंपनीने निकालात काढली तरी नाहीशी होत नाही. ती लिलावात जाते, धुतली जाते, आतून नवे कापड चढते आणि पुरापासून दूरच्या शहरात उभी राहते. अशी गाडी चार-सहा महिने उत्तम चालते. मग दारांच्या काचा आपोआप खाली येतात, एअरबॅगचा दिवा लागतो, एखाद्या सकाळी ती सुरूच होत नाही आणि वायरिंगच्या जोडांत साचलेला हिरवट गंज शोधत इलेक्ट्रिशियन आठवडा काढतो.

पुराचा गाळ मात्र सगळीकडून निघत नाही. चालकाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. आतल्या टोकाला चिखलाची आडवी रेघ किंवा डाग असेल तर गाडी पाण्यात गेली होती. आसन मागे सरकवून खालच्या पट्ट्या आणि बोल्ट पाहावेत, तेथे गंज येण्याचे एरवी काही कारण नसते. डिकीतील स्टेपनी उचलून खालचा खड्डा बोटाने चाचपावा. पायाखालचा गालिचा उचलून वास घ्यावा. गाडीत जाळीदार डब्यातून उग्र अत्तर दरवळत असेल तर काचा बंद करून दहा मिनिटे एसीशिवाय बसून राहावे, अत्तराखालचा वास तोवर वर येतो. रत्नागिरी, अलिबागसारख्या किनारपट्टीवर वर्षानुवर्षे राहिलेल्या गाडीला पूर लागला नसला तरी खारी हवा खालून खात असते, तेव्हा ती जॅकवर उचलून पाहिल्याशिवाय बोलणी करू नयेत.

अपघाताच्या खुणा त्या मानाने लवकर सापडतात. गाडी सकाळच्या उन्हात, कोरडी असताना पाहावी. संध्याकाळी बल्बच्या उजेडात किंवा नुकती धुतलेली असताना सगळेच रंग एकसारखे दिसतात. बॉनेट, दारे आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरील रंग पाना लागून उडाला आहे का, सर्व काचांवरील खुणा एकाच वर्षाच्या आहेत का, हे पाहिले की अर्धी गोष्ट कळते. एखादा पत्रा रंगवलेला असणे शहरात स्वाभाविक आहे. आपल्या रिक्षा आणि दुचाक्यांमधून सहा वर्षे निर्लेप निघालेली गाडी उलट संशयास्पद म्हणावी लागेल. भाव पाडण्याजोगी किंवा सौदा मोडण्याजोगी गोष्ट म्हणजे सांगाड्याची दुरुस्ती: पुढच्या चाकांवरील अॅप्रन, दारांमधले खांब, डिकीचा तळ येथे नवे वेल्डिंग दिसले तर गाडी सोडून द्यावी. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षण पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही तर बल्ब काढला असण्याची शक्यता असते. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासूनच सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये ती मुळातच नसू शकते, आणि मुलांना घेऊन फिरणाऱ्या कुटुंबाने चाळीस-पन्नास हजार वाचवण्यापूर्वी याचा विचार करायला हवा.

इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवण्याची अट घालावी. विक्रेत्याने आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. निळसर धूर तेल जळत असल्याचा, दाट आणि न थांबणारा पांढरा धूर कूलंट इंजिनात शिरत असल्याचा. दोन्ही खर्चाचे. त्यानंतर आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर नेऊन खड्ड्यांच्या, चढाच्या आणि मोकळ्या अशा तिन्ही रस्त्यांवर गाडी चालवावी. मिस्त्रीला दिलेले हजार-पंधराशे रुपये या व्यवहारातले सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे असतात.

या तपासणीतून जे निघते ते कागदावर मांडले की पडलेला भाव दिसतो. समजा, सौदा ५,२५,००० रुपयांवर येऊन थांबला आहे. टायर वर्षभरात बदलावे लागणार, २०,००० रुपये. बॅटरी शेवटच्या घटका मोजते आहे, ५,०००. विमा दोन महिन्यांत संपतो, १४,०००. ब्रेक पॅड आणि मोठी सर्व्हिस, ११,०००. गाडी ५,७५,००० रुपयांची झाली. शेजारच्या सोसायटीतील ५,५०,००० रुपयांची, नवे टायर आणि वर्षभराचा विमा असलेली गाडी मग महाग राहत नाही. घासाघीसही या यादीवर करावी. 'थोडे कमी करा' या विनंतीपेक्षा चार ओळींचा हिशेब विक्रेत्याला नाकारणे अवघड जाते.

दलाल किंवा कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या दालनातून घेतलेली गाडी थेट मालकाकडून घेतलेल्या गाडीपेक्षा महाग असते, कारण त्यात त्याचा नफा आणि त्या नफ्यावरील १८ टक्के जीएसटी असतो. हा कर जानेवारी २०२५ पासून सर्व जुन्या गाड्यांना एकाच दराने लागू आहे. पण तो पूर्ण किमतीवर नव्हे, केवळ व्यापाऱ्याच्या फरकावर लागतो, आणि मालकाने मालकाला विकलेल्या गाडीवर लागतच नाही. जादा पैशांच्या बदल्यात काही महिन्यांची हमी आणि कागदपत्रांची जबाबदारी मिळत असेल तर अनेकांना हा सौदा परवडतो. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याचे अधिकारपत्र घेण्याचा आणि ताब्यात आलेली गाडी ऑनलाइन नोंदवण्याचा नियम आला. अधिकारपत्र आहे का, एवढे विचारायला हरकत नसावी.

सही झाल्यानंतर

गाडीवर कर्ज असेल तर उरलेली रक्कम विक्रेत्याच्या हाती न देता थेट बँकेत भरावी आणि बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ हाती आल्यावरच उरलेले पैसे द्यावेत. परिवहन संकेतस्थळावर क्रमांक टाकला की बोजा, विमा आणि थकलेले ई-चलन दिसते. विसार देण्यापूर्वी हे पाच मिनिटांचे काम उरकावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवलेली आहे का, हेही पाहावे. ती नसेल तर आरटीओत पुढचे काम अडते. सीएनजी किट बसवलेले असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी.

हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० भरले जातात. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने तीस दिवसांत. विमापत्र नावावर करण्यासाठी घेणाऱ्याला चौदा दिवसच मिळतात. तोवर तिसऱ्या पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा जुन्या नावावर मिळत नाही. 'नो क्लेम बोनस' गाडीचा नसून मालकाचा असतो, म्हणून विक्रेता तो आपल्या पुढच्या गाडीसाठी घेऊन जातो आणि विम्याचा हप्ता वाढतो.

या कागदांत खरा धोका विकणाऱ्याचा आहे आणि तोच सर्वांत निर्धास्त असतो. एका मालकाने २००७ मध्ये आपली मोटार विकली, ती पुढे एकामागून एक हात बदलत गेली, पण आरटीओच्या दप्तरी नाव पहिल्याचेच राहिले. २००९ मध्ये त्या मोटारीने अपघात झाला आणि एका मुलाचा जीव गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी दोन वर्षे त्याच्या दारात नव्हती, याने फरक पडला नाही. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून एजंटाच्या हाती सोपवणाऱ्यांची संख्या तरीही कमी झालेली नाही.

त्यामुळे किल्ली देताना दोघांनी मिळून एक साधी ताबापावती करावी. गाडीचा आणि चेसिसचा क्रमांक, किलोमीटर, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि ताबा दिल्याची तारीख. तारखेपुढे वेळही लिहावी, सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटे अशी नेमकी. साडेसहाला चौकातल्या कॅमेऱ्याने सिग्नल तोडल्याचे चलन पाठवले तर ते जुन्याच मालकाच्या मोबाइलवर येणार आहे, आणि काचेवरचा फास्टॅग त्याने बंद केला नसेल तर खालापूरचा टोलही त्याच्याच खात्यातून जाणार आहे.